एफएमच्या लहरीवरून गावच्या पाटीवर : सामुदायिक रेडिओला आरडीएस बसवताना

दिग्रसकर :

नमस्कार मंडळी.

आमच्या संस्थेचं सामुदायिक रेडिओ केंद्र यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रस-आर्णीच्या पट्ट्यात आहे. नियमाप्रमाणे ५० वॅटचा ट्रान्समीटर आणि ३० मीटरच्या आतला मनोरा. आवाज आजूबाजूच्या गावांत नीट पोचतो. आता त्याच लहरीवरून डेटा पाठवायची जुळणी चालू आहे, म्हणून हा धागा काढतोय. ज्यांची केंद्रं आहेत त्यांच्या कामी येईल, आणि ज्यांना यातलं जास्त कळतं त्यांच्याकडून मला शिकायचं आहे.

आधी हे कशासाठी ते सांगतो. रेडिओवरचा निरोप त्या घडीला ऐकणाऱ्यालाच मिळतो. दुपारी आम्ही वीज पडण्याचा इशारा बोललो आणि माणूस वावरात, रेडिओ घरी, तर तो इशारा वाया गेला. मोबाइल सगळ्यांकडे आहेत, पण वारावादळ आलं की आधी लाइन जाते, मग टॉवरची बॅटरी उतरते आणि गरजेच्या वेळी नेट नसतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप चांगलं आहे, आम्ही ते सगळ्यांना घ्यायला सांगतो, पण त्यालाही नेट लागतंच. आमचा ट्रान्समीटर मात्र इन्व्हर्टर आणि जनरेटरवर चालू राहतो. म्हणून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर किंवा एसटीच्या थांब्यावर एक एलईडी पाटी, तिच्यामागे छोटा एफएम रिसीव्हर आणि बॅटरी. केंद्रावरून निरोप सुटला की तो पाटीवर मराठीत उमटेल आणि जिवाशी गाठ असेल तर भोंगाही वाजेल.

या तंत्राला आरडीएस (रेडिओ डेटा सिस्टिम) म्हणतात. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९८४ साली त्याचं मानक काढलं. गाडीतल्या रेडिओवर स्टेशनचं नाव दिसतं ते यातूनच. एफएमच्या सिग्नलमध्ये १५ किलोहर्ट्झपर्यंत साधा (मोनो) आवाज असतो, १९ वर पायलट, म्हणजे रेडिओला स्टिरिओची खूण देणारा सूर, २३ ते ५३ मध्ये स्टिरिओचा डाव्या-उजव्यातला फरक, आणि त्याच्या वर ५७ किलोहर्ट्झला आरडीएस. ५७ म्हणजे पायलटच्या बरोबर तिप्पट. आपण कपाशीत तुरीचं तास (ओळ) घेतो तसंच हे : वावर एकच, कपाशीला धक्का नाही, आणि तूर वेगळी घरी येते.

वेग कमी आहे, सेकंदाला ११८७.५ बिट. हे बिट १०४-१०४ च्या गटांनी जातात. एका गटात चार ठोकळे, प्रत्येक ठोकळ्यात १६ बिट माहितीचे आणि १० बिट तपासणीचे. सेकंदाला साधारण ११.४ गट होतात. त्यातले काही स्टेशनचं नाव आणि ओळख सांगण्यात जातात, आपल्या कामाला सेकंदाला दोन-तीन गट निवांत मिळतात.

आता मुद्द्यावर येतो. आरडीएसमध्ये मजकूर पाठवायची सोय आहे : आठ अक्षरांचं नाव आणि ६४ अक्षरांचा रेडिओटेक्स्ट. पण ही अक्षरं मुख्यतः रोमन वळणाची, देवनागरी त्यात नाहीच. रोमनमध्ये मराठी लिहून पाटीवर पळवली तर आमच्याकडची म्हातारी माणसं ती वाचणार नाहीत, आणि इशारा सगळ्यात आधी त्यांच्यासाठीच आहे. माझं म्हणणं असं की मजकूर पाठवायचाच नाही. फक्त क्रमांक पाठवायचा, आणि मराठी वाक्य पाटीतच ठेवायचं. निरोप क्रमांक १२ आला की पाटीतलं १२ नंबरचं वाक्य दिसेल.

ही कल्पना नवी नाही. युरोपातल्या रस्त्यांवर वाहतुकीची माहिती आरडीएसवरूनच टीएमसी नावाने अशीच जाते. घटनेचा क्रमांक आणि जागेचा क्रमांक, बस्स. त्यामुळे जर्मन माणूस फ्रान्समध्ये गाडी चालवत असला तरी यंत्र त्याला जर्मनमध्ये सांगतं. भाषा लहरीत नसते, यंत्रात असते. आपल्याला याचा दुप्पट फायदा, कारण आपली लिपी त्या लहरीत मावतच नाही.

मानकात गटांचे प्रकार ठरलेले आहेत, त्यातला सहा-ए हा आम्ही निवडला आहे. मानकात तो प्रसारकाच्या स्वतःच्या अंतर्गत वापरासाठी ठेवलेला आहे. साधे रेडिओ त्याकडे दुर्लक्ष करतात, आणि कुठे नोंदणीही लागत नाही. त्यात ३७ बिट आपले. ८ बिट निरोपाचा क्रमांक, म्हणजे २५६ निरोप. ८ बिट गावाचा क्रमांक. १४ बिट एखादा आकडा पाठवायला, ० ते १६३८३ (भाव, तास, मिलिमीटर, जे लागेल ते). उरलेल्या सातांत चार बिट अनुक्रमाचे आणि तीन बिट निरोप किती वेळ ठेवायचा त्याचे.

हा डेटा आरडीएसच्या लहरीत बसवून देणारा एनकोडर म्हणजे पुस्तकाएवढी पेटी. एकीकडून संगणकाची केबल, दुसरीकडून बीएनसीची वायर निघून ट्रान्समीटरच्या मागच्या आरडीएस लिहिलेल्या सॉकेटात जाते. ओळखीचा अंक, ज्याला पीआय म्हणतात, तो मनाला येईल तो टाकायचा नाही. त्यातला पहिला आकडा देशाचा, भारताचा ५. दुसरा व्याप्तीचा, एकाच ट्रान्समीटरच्या स्थानिक केंद्राला ०. हा ५ इटलीलाही आहे, म्हणून सोबत विस्तारित देशांक पाठवतात, आपला एफ२.

पातळ्या कशा लावायच्या, पाटीतला रिसीव्हर कोणता घ्यायचा आणि निरोपांच्या यादीत काय असावं, यावर तुमचं मत हवं आहे.

ट्रान्झिस्टर :

दिग्रसकर, काम मनापासून आवडलं. प्रसारणाच्या तांत्रिक बाजूत नोकरी झाली, म्हणून पातळ्यांबद्दल सांगतो.

सगळं मिळून डेव्हिएशन, म्हणजे फ्रीक्वेन्सी मूळ जागेपासून जेवढी हलते ते, ७५ किलोहर्ट्झच्या वर जाता कामा नये. त्यात पायलटला ६.७५ द्या. आरडीएसला मानक १ ते ७.५ पर्यंत मुभा देतं, बहुतेक केंद्रं २ च्या आसपास ठेवतात. तुमचा डेटा हाच मुख्य हेतू आहे आणि पाट्या भिंतीला टांगलेल्या असणार, तेव्हा ३ ते ४ ठेवा. पण तेवढी जागा आवाजातून कमी करा. आवाज ठरावीक पातळीवर रोखणाऱ्या लिमिटरची कमाल पातळी खाली आणल्याशिवाय आरडीएस वाढवलात तर शेजारच्या चॅनलमध्ये सांडेल, आणि तक्रार आली की ती रास्तच असेल.

आवाजापेक्षा डेटाला थोडा जास्त त्रास होतो हे धरून चाला. एफएममध्ये खरखर वरच्या फ्रीक्वेन्सीला वाढत जाते. १५ पर्यंतचा मोनो आवाज ऐकू येतो पण ५७ वरचं वाचता येत नाही, अशी गावं तुमच्या कडेला सापडतील. तिथे पाटीला छतावर साधा डायपोल (दोन दांड्यांची अँटेना) लावा, घरातली वायर पुरणार नाही.

स्टिरिओ असेल तर एनकोडरला पायलट द्यायलाच हवा, म्हणजे त्याची ५७ किलोहर्ट्झ लहर पायलटच्या तिसऱ्या पटीशी बांधलेली राहते. मोनो केंद्र असेल तर पायलटच नाही, मग एनकोडर स्वतःच्या क्रिस्टलवर (फ्रीक्वेन्सी धरून ठेवणाऱ्या स्फटिकावर) चालतो. ५७ किलोहर्ट्झवर ६ हर्ट्झ इकडे-तिकडे चालतात. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश होतं तेव्हा ट्रान्समीटरच्या खोलीची काळजी जास्त करा, क्रिस्टल टिकून राहील.

माझा सल्ला : बोलण्याचेच कार्यक्रम जास्त असतील तर मोनोच ठेवा. पायलट आणि स्टिरिओची जागा वाचते, कडेच्या गावांत आवाज स्वच्छ जातो आणि आरडीएसला मोकळीक मिळते.

बोंडवाला :

भाऊ, मी आर्णीकडचा शेतकरी हावो. ते किलोहर्ट्झ-गिलोहर्ट्झ मले समजत नाई, पन पाटीचं समजलं. चांगलं काम करून रायले तुमी.

मी सांगतो काय पायजे ते. पयले इजेचं. दुसरं लाइनीचं. वावरातल्या फिडरची (शेतीच्या लाइनीची) पायी, म्हंजे पाळी, कधी दिवसाची, कधी रात्रीची. बदलली का आमाले पत्ता नसते. मानूस रात्री दोन वाजता मोटर चालू कराले जाते अन् लाइन नसते, अंधारात साप-इचू वेगळेच. हे जर गावात पाटीवर दिसलं ना, तर लय उपकार होतीन. तिसरं कापसाचा भाव, पन एकाच बाजाराचा नाई, दोन-तीन तरी पायजे. अन् फवारनीचं. कोनत्या दिवशी वारा जास्त हाय, फवारू नका, हे सांगा. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारनीतून लोकं मेले, ते आमी इसरलो नाई.

अन् एक. लांबलचक लिहू नका. काय करायचं ते पयले लिहा, काहून करायचं ते मंग. मानूस पाटीपुढं थांबत नाई, सायकलवर निंगून जाते.

दिग्रसकर :

ट्रान्झिस्टर काका, मोनोचं पटलं. आमचे बहुतेक कार्यक्रम बोलण्याचेच आहेत, गाण्यांच्या तासाला स्टिरिओ नसल्यानं कोणी उठून जाणार नाही.

बोंडवाला भाऊ, तुमचा प्रतिसाद छापून केंद्रावर लावतोय. 'आधी काय करायचं' हे तर आता आमचं धोरणच. यादीचा पहिला कच्चा आराखडा असा :

१ ते ३१ जिवाशी संबंधित, यांच्यासोबत भोंगा. क्रमांक १ 'झाडाखाली थांबू नका, घरात जा. विजांचा इशारा.' क्रमांक ४ 'नाल्यावरून जाऊ नका. पूर.' क्रमांक ९ 'आज फवारणी करू नका. वारा जास्त.' ३२ ते ६३ वीज आणि पाणी : 'शेतीची लाइन आज रात्रीची. सुरू होण्याची वेळ' आणि पुढे आकडा. ६४ पासून पिकांचं, १२८ पासून बाजार.

पिकांच्या यादीत गुलाबी बोंडअळीला मी मुद्दाम वेगळी जागा दिली आहे. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणाऱ्या) सलग तीन रात्री रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले तर उपाय करायची वेळ आली, हा निकष कपाशीवाल्यांना माहीत आहे. अडचण अशी की सापळा एकाच्या वावरात आणि पतंग सगळ्यांच्या. गावातून दोघा-तिघांनी रोज केंद्राला आकडा कळवला तर आम्ही तो १४ बिटांत टाकून त्याच गावच्या पाटीवर परत पाठवू : 'सापळे तपासा. काल रात्री पतंग : ११'. कोणी तज्ज्ञ भाषण देण्यापेक्षा शेजारच्या वावरातला आकडा माणूस जास्त मनावर घेतो, असा माझा विश्वास आहे. ही सगळी वाक्यं छापण्याआधी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या आणि नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेतल्या जाणकारांकडून तपासून घेणार. पाटी चुकीचं सांगत असेल तर ती नसलेली बरी.

पेनगंगा_वाशीम :

एक शंका. १४ बिटांत १६३८३ पर्यंतच आकडा. कापसाला पुरेल, २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८११० आहे. तूर ८०००, सोयाबीन ५३२८, हेही बसतात. पण आमच्याकडे हळद आहे. ती क्विंटलला सोळा हजारांच्या वर गेली की पाटी काय दाखवणार?

दिग्रसकर :

बरोबर पकडलंत. भावाचे निरोप पाच रुपयांच्या पटीत पाठवू, पाटी गुणून दाखवेल. मग मर्यादा ८० हजारांच्या वर जाते. पाच रुपयांच्या आतला फरक बाजारातही कोणी धरत नाही.

वैनगंगा :

मी भंडाऱ्याची, इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. पाटीच्या बाजूनं लिहिते.

रिसीव्हरला एसआय४७०३ या एफएम चिपची तयार पट्टी घ्या. ३.३ व्होल्टवर चालते, दोन तारांनी मायक्रोकंट्रोलरला (पाटी चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपला) जोडता येते, आणि तिची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक ठोकळ्यात किती चुका होत्या ते ती सांगते. शून्य चुका, एक-दोन, तीन ते पाच, की त्याहून जास्त. आरडीएसच्या दहा तपासणी बिटांनी पाच बिटांपर्यंतची सलग चूक दुरुस्तही करता येते, पण तुम्ही ती दुरुस्ती घेऊ नका. दुरुस्त केलेला ठोकळा कधी कधी चुकीचाच दुरुस्त होतो. गाण्याचं नाव चुकलं तर चालतं, भोंगा चुकून चालणार नाही. चारही ठोकळे शून्य चुकांचे असतील तरच गट घ्या, आणि तोच गट दुसऱ्यांदा जसाच्या तसा आला तरच पाटी पेटवा. टीएमसीतही निरोप पुन्हा पुन्हा पाठवतात तो याचसाठी.

पाटीला बाजारात मिळणारी पी१० पॅनल चालतील. दुकानांच्या दारावर लाल अक्षरं पळतात तीच. एक पॅनल ३२ बाय १६ दिव्यांचं. आता देवनागरी. मायक्रोकंट्रोलरला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. 'विद्युत'मधला द्य, रफार, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नेणं, हे सगळं संगणकातला फॉन्ट करतो, तो त्या चिपमध्ये नसतो. इथेच तुमची क्रमांकाची कल्पना दुसऱ्यांदा कामाला येते. वाक्यं आधीच ठरलेली आहेत, तर संगणकावर ती नीट मांडून त्यांचं काळं-पांढरं चित्रच करून चिपमध्ये भरा. चार पॅनल आडवी, दोन रांगा, म्हणजे १२८ बाय ३२ दिवे. एका पडद्याला ५१२ बाइट लागतात. वाक्याला तीन पडदे धरले आणि सगळी २५६ वाक्यं भरली तरी चार लाखांच्या आतच बाइट होतात. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरच्या पट्टीत सहसा चार एमबी असतात. जागाच जागा.

दोन रांगा मुद्दाम म्हणतेय. १६ दिव्यांच्या उंचीत मराठी कोंबली की वरचा रफार आणि खालचा उकार दोन्ही चेपतात, आणि लांबून 'पुर' की 'पूर' काही कळत नाही. ३२ उंचीत अक्षर मोकळं श्वास घेतं.

सगळ्यात मोठा त्रास वेगळाच आहे. ही पॅनल दिवे भराभर उघडझाप करतात आणि त्यांचा स्वस्तातला पॉवर सप्लाय, दोघं मिळून एफएममध्ये भयंकर खरखर सोडतात. पाटी पेटली की मागचा रिसीव्हर बहिरा. म्हणून रिसीव्हर पत्र्याच्या बंद डबीत ठेवा, अँटेना दूर, मध्ये कोॲक्स केबल, पॉवरच्या वायरीवर फेराइटचे मणी. आणि प्रोग्राममध्येच अशी सोय करा की पाटी दर मिनिटाला थोडा वेळ पूर्ण विझते, तेवढ्यात रिसीव्हर ऐकून घेतो. केंद्रानेही इशाऱ्याचा गट सलग काही मिनिटं पाठवत राहायचा, म्हणजे तो त्या शांत वेळेत सापडतोच.

कळंबचा_पोर :

सर, रास्पबेरी पायच्या पिनला तार लावली तर तो थेट एफएमवर आरडीएस पाठवतो, असे प्रोग्राम नेटवर आहेत. मग एनकोडर कशाला? आणि दुसरं, आरडीएस२ या नव्या आवृत्तीत युनिकोड आहे म्हणे, मग मराठी थेट पाठवता येईल ना?

ट्रान्झिस्टर :

बाळा, शिकायची हौस आहे हे चांगलं. पण ती तार लावू नकोस. पायच्या पिनेतून चौकोनी लहर निघते, तिच्या पटीतल्या लहरी दूरवर वरच्या पट्ट्यांत जातात, आणि त्या पट्ट्यांत विमानं, पोलिस असे कितीतरी जण बोलत असतात. शिवाय परवान्याशिवाय प्रसारण हा गुन्हा आहे, अंतर कितीही कमी असो. शिकायचं असेल तर उलट बाजूनं शीक. आरटीएल-एसडीआर नावाचा, रेडिओ लहरी संगणकात घेणारा यूएसबी डोंगल घे, लिनक्सवर रेडसी नावाचा मोफत प्रोग्राम टाक, आणि जे आरडीएस हवेत आधीच आहे ते उकलून बघ. नागपूरला गेलास की सगळी स्टेशनं पालथी घाल. प्रत्येक गट जसा येतो तसा पडद्यावर दिसतो. पुस्तक वाचून जे कळणार नाही ते त्यातून कळेल.

प्रसारण करून बघायचंच असेल तर दिग्रसकरांच्या केंद्रावर जा. तिथे परवान्याचा ट्रान्समीटर आहे. तोही आधी अँटेना काढून ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाच्या जागी ताकद जिरवणाऱ्या रोधावर) चालवायचा. अँटेनाही नाही, लोडही नाही, असा ट्रान्समीटर कधी चालू करायचा नाही, आउटपुटचा ट्रान्झिस्टर जातो.

आरडीएस२ चं बरोबर आहे. त्यात यूटीएफ-८ (युनिकोड बाइटांत लिहायची पद्धत) आहे, लांब रेडिओटेक्स्टला १२८ बाइट मिळतात. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. 'कापूस' लिहायला क, काना, प, ऊकार, स अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. १२८ मध्ये ४२ चिन्हं, एक छोटं वाक्य. आणि ते दाखवणारे रेडिओ आपल्याकडे कुणाच्या घरी आहेत? क्रमांकच बरा.

सातपुडा_सिग्नल :

मेळघाटच्या पायथ्याशी आमच्या ओळखीच्या केंद्रावर एनकोडर बसवला आहे. त्यावरचा दिवा लागतो, संगणकाला उत्तर देतो, पण कुठल्याच रेडिओवर नाव उमटत नाही. स्टुडिओ गावात, ट्रान्समीटर टेकडीवर, मध्ये नेटवर्कची ऑडिओ लिंक. एनकोडर स्टुडिओत आहे. मेळघाटात मोबाइलची रेंज नसलेली कितीतरी गावं आहेत, म्हणून हे चालणं आमच्यासाठी फार महत्त्वाचं.

ट्रान्झिस्टर :

लिंक फक्त डावा-उजवा आवाज नेते. तिच्यातून ५७ किलोहर्ट्झ जाणारच नाही. आणि ट्रान्समीटरच्या डाव्या-उजव्या सॉकेटात १५ किलोहर्ट्झचा फिल्टर असतो, तिथेही आरडीएस कापलं जातं. एनकोडर टेकडीवर न्या, थेट ट्रान्समीटरच्या आरडीएस किंवा एमपीएक्स (आवाज, पायलट, डेटा सगळा एकत्र घेणाऱ्या) सॉकेटला जोडा, आणि स्टुडिओतून त्याला फक्त आज्ञा पाठवा. त्याच नेटवर्कवरून सिरियलच्या आज्ञा जातात, त्या काही बाइटांच्या असतात. यूईसीपी नावाचा ठरलेला प्रोटोकॉल बऱ्याच एनकोडरना कळतो.

सातपुडा_सिग्नल :

काका, नेमकं तसंच निघालं. पेटी टेकडीवर हलवली, नाव दिसलं. फार आभार. क्रमांकवाल्या पाटीत कोरकूही ठेवता येईल ना? वाक्यं चित्रंच आहेत, तर एका क्रमांकाला दोन चित्रं, आधी मराठी, मग कोरकू.

वैनगंगा :

नक्कीच येईल. लहरीत काही बदलावं लागत नाही. आमच्या झाडीपट्टीत गोंडीसाठीही हेच करू. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ईएसपी३२ला छोटा ध्वनी मोड्यूल आणि मेमरी कार्ड जोडा, तोच क्रमांक त्यांच्या बोलीत बोलून दाखवेल. मला तर वाटतं पाटीपेक्षा हेच आधी करावं.

तार_आणि_टाच :

मी नागपूरला संगणक सुरक्षेत काम करतो. एक गोष्ट आधीच सांगतो, नंतर महाग पडेल. आरडीएसमध्ये पाठवणारा कोण याची काहीही खात्री नसते. २००७ साली इटलीच्या दोन संशोधकांनी छोट्या ट्रान्समीटरवरून खोटे टीएमसी निरोप गाड्यांच्या नकाशात घुसवून दाखवले होते. तुमच्या पाटीजवळ कोणी असं केलं आणि मध्यरात्री पुराचा भोंगा वाजवला तर? दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा खऱ्या पुराला कोणी घराबाहेर येणार नाही.

दिग्रसकर :

हे फार महत्त्वाचं आहे. वैनगंगाताईंशी बोलून असं ठरवलं : अनुक्रमाचा एक बिट कमी करून तो गटाच्या खुणेला दिला. आता एक गट निरोपाचा, त्यात खूण एक आणि माहिती ३६ बिट. त्याच्या लगेच मागे दुसरा गट, त्यात ३६ बिटांचा शिक्का. तो गुप्त किल्ली, निरोप आणि त्या मिनिटाची वेळ यांवरून काढलेला. कोणी जुना निरोप रेकॉर्ड करून पुन्हा सोडला तर मिनिट जुळणार नाही. वेळ आरडीएसच्या घड्याळावरून घ्यायची नाही, कारण तीही खोटी पाठवता येते. पाटीत डीएस३२३१ या चिपचं स्वतःचं घड्याळ.

आरडीएसचं घड्याळ तरीही आम्ही चालू ठेवतोय, लोकांच्या रेडिओंसाठी. त्यात जागतिक वेळ जाते आणि स्थानिक फरक अर्ध्या तासांच्या पटीत सांगायचा असतो. आपले साडेपाच तास म्हणजे ११. अर्धा तास मोजायची सोय त्यांनी मुळातच ठेवली, हे बघून बरं वाटलं.

तार_आणि_टाच :

चांगलं आहे, पण किल्ली सगळ्या पाट्यांत एकच, आणि पाटी भिंतीवर. एक पाटी कोणी उचलून नेली की किल्ली गेली. भोंग्याच्या निरोपांना खरी डिजिटल सही वापरा. ईडी२५५१९ या पद्धतीची सही ५१२ बिटांची, तुमच्या ३६ च्या हिशोबानं १५ गट. सेकंदाला तीन गट धरले तर पाच सेकंद. ईएसपी३२ ती सहज तपासतो. खासगी किल्ली केंद्रावरच राहते, पाटी चोरून काही मिळत नाही.

वैनगंगा :

पटलं, पण कडेच्या गावात पंधराच्या पंधरा गट न चुकता मिळायला वेळ लागेल. म्हणून सही फक्त १ ते ३१ ला, आणि ती फिरून फिरून पाठवायची. पहिल्या फेरीत सुटलेला गट दुसऱ्या फेरीत उचलता येतो, फक्त गटाचा क्रमांक सोबत हवा. त्यामुळे एका गटात सहीचे ३२ बिट आणि क्रमांकाचे ४, म्हणजे एकूण १६ गट. भाव आणि फिडरच्या पाळीला ३६ बिटांचा शिक्का पुरे.

पेनगंगा_वाशीम :

परवान्याचं काय? सामुदायिक रेडिओला बातम्या देता येत नाहीत ना?

दिग्रसकर :

स्वतःच्या बातम्या नाहीत, आकाशवाणीच्या देता येतात. पण हवामान, वीज-पाणी, आपत्तीच्या सूचना बातमीत धरत नाहीत, आणि पाटीवर आमचं तेवढंच आहे. तरीही चालू करण्याआधी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला आणि डब्ल्यूपीसीला (लहरींचे परवाने देणारा केंद्राचा विभाग) लेखी कळवून उत्तर हातात घेऊ. विजेचा इशाराही आम्ही आमच्या मनानं देणार नाही. हवामान खात्याचा किंवा जिल्हा आपत्ती कक्षाचा आला तरच तो पुढे पाठवायचा, आणि कोणी, किती वाजता पाठवला याची वही केंद्रावर राहील.

बोंडवाला :

पाटी कोनत्या गावात लावून रायले पयले? आमच्या गावात लावा. ग्रामपंचायतीची भिंत हाय, सरपंचाले मी बोलतो. छतावर अँटेना लावाले मानूस बी देतो.

दिग्रसकर :

भाऊ, तुमचं गाव यादीत घेतलं. पण आधी डोंगल आणि लॅपटॉप घेऊन येतो. भिंतीवर, छतावर आणि चौकात उभं राहून बघू, शंभरातले किती गट शून्य चुकांनी येतात. नव्वदच्या वर आले तर भिंत चालेल, खाली आले तर छतावर डायपोल. पाटीची अर्थिंग वेगळी हवी, खड्डा मृगाच्या आधी खणून ठेवा, मीठ-कोळसा मी सोबत आणतो. आणि सरपंचांना एक विचारून ठेवा : बॅटरी कोण तपासणार? त्या माणसाचं नाव पाटीच्या डब्याच्या आत लिहायचं आहे.